कोऱ्या नकाशावर समुद्रप्रवाह: प्रवाह कसे तयार होतात आणि हवामान कसं घडवतात, हे स्वतः काढून पाहा

समुद्रप्रवाहांची नावं पाठ करायला लावणं हा हा विषय शिकवण्याचा सर्वांत कमकुवत मार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे. गल्फ स्ट्रीम उष्ण, लॅब्राडोर शीत, कुरोशियो उष्ण, कॅलिफोर्निया शीत ही यादी परीक्षेपुरती डोक्यात राहते आणि नंतर विरून जाते. प्रवाह कशामुळे वाहतो हे एकदा कळलं की यादीची गरजच उरत नाही. चार प्रश्न पुरतात. वारा कुठून कुठे वाहतो? पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी कुठे वळतं? वाटेत जमीन कुठे आडवी येते? आणि ते पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जड आहे की हलकं?

जगाचा एक कोरा नकाशा घ्या. त्यावर विषुववृत्त आणि दोन्ही गोलार्धांतली ३० आणि ६० अंशांची अक्षवृत्तं आखून घ्या. एक साधी पेन्सिल, एक लाल आणि एक निळी जवळ असू द्या. नकाशांचं पुस्तक मात्र शेवटपर्यंत बंदच ठेवा.

पायरी १: आधी वारे काढा

विषुववृत्त ते ३० अंश या पट्ट्यात दोन्ही गोलार्धांत व्यापारी वारे वाहतात. उत्तरेत ते ईशान्येकडून येतात, दक्षिणेत आग्नेयेकडून. ३० ते ६० अंशांच्या पट्ट्यात पश्चिमी वारे असतात. साध्या पेन्सिलीने हे बाण महासागरांवर काढून घ्या.

वारा पाण्याला घासत जातो आणि आपल्या वेगाचा थोडासा भाग त्याला देतो, साधारण २ ते ३ टक्के. म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा सतत वाहत राहिला, तर पृष्ठभागाचं पाणी सेकंदाला २०-३० सेंटीमीटर सरकतं. आकडा लहान वाटेल. पण हे वारे वर्षानुवर्षं त्याच दिशेने वाहतात आणि त्यांच्याखाली हजारो किलोमीटर लांबीचा महासागर असतो.

पायरी २: पाण्याला वळण द्या

नॉर्वेचा संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन याने १८९३ साली 'फ्राम' हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून घेतलं आणि तीन वर्षं त्या बर्फाबरोबर वाहत जाऊ दिलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ सरकत नाही. तो वाऱ्याच्या उजवीकडे २० ते ४० अंश झुकून सरकतो. हे निरीक्षण त्याने तरुण स्वीडिश शास्त्रज्ञ वाग्न एकमन याच्यापर्यंत पोहोचवलं आणि एकमनने त्यामागचं गणित मांडलं. १९०५ साली प्रसिद्ध झालेला त्याचा सविस्तर निबंध आजही समुद्रविज्ञानाचा पाया मानला जातो.

कारण पृथ्वीच्या परिवलनात आहे. फिरत्या पृथ्वीवर हलणारी कोणतीही गोष्ट उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो आणि ध्रुवांकडे वाढत जातो. यालाच कोरिओलिस परिणाम म्हणतात. वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर आपल्या खालच्या थराला ओढतो, तो त्याच्या खालच्याला, आणि प्रत्येक थर आणखी थोडा वळतो. वरच्या पन्नास-शंभर मीटरच्या सगळ्या थरांची बेरीज केली, तर पाण्याची एकूण वाहतूक वाऱ्याच्या काटकोनात होते: उत्तरेत उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे.

आता हे नकाशावर करून पाहा. उत्तर अटलांटिकमधले व्यापारी वारे नैर्ऋत्येच्या दिशेने जातात, त्यांच्या उजव्या हाताला वायव्य येते, म्हणजे पाणी उत्तरेकडे ढकललं जातं. त्याच महासागरातले पश्चिमी वारे पूर्वेकडे जातात, त्यांच्या उजवीकडे दक्षिण. दोन्हीकडून पाणी ३० अंशांच्या आसपास गोळा होतं आणि तिथे समुद्राची पातळी खरोखरच उंचावते. सुमारे एक मीटरचा हा उंचवटा हजारो किलोमीटरवर पसरलेला असतो, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही; उपग्रहांच्या मोजणीत मात्र दिसतो.

उंचवट्यावरचं पाणी उताराने खाली निघतं, पण निघताच वळतं आणि शेवटी उतार न उतरता उंचवट्याभोवती गोल फिरत राहतं. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, दक्षिणेत उलट. ही पायरी थोडी अवघड आहे, पुन्हा वाचावी लागली तरी हरकत नाही. अर्धा विषय इथेच आहे.

पायरी ३: खंडांच्या भिंती

व्यापारी वाऱ्यांनी पश्चिमेकडे नेलेलं पाणी खंडाच्या किनाऱ्यावर आदळतं आणि ध्रुवाकडे वळतं. पुढे पश्चिमी वारे त्याला पूर्वेकडे नेतात, समोरचा किनारा लागला की ते पुन्हा विषुववृत्ताकडे येतं. असं एक चक्र पूर्ण होतं. नकाशावर अशी पाच मोठी चक्रं काढा: उत्तर आणि दक्षिण अटलांटिक, उत्तर आणि दक्षिण पॅसिफिक, आणि दक्षिण हिंदी महासागर.

एकाच ठिकाणी भिंत नाही. अंटार्क्टिकाभोवती पश्चिमी वाऱ्यांना जमीन आडवी येत नाही, म्हणून तिथला प्रवाह पृथ्वीला पूर्ण वेढा घालतो. समुद्रप्रवाह मोजायला 'स्वेर्ड्रुप' हे एकक वापरतात. एक स्वेर्ड्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्राला जेमतेम सव्वा स्वेर्ड्रुप पाणी देतात. अंटार्क्टिकाभोवतीचा प्रवाह १३० ते १७० स्वेर्ड्रुप वाहून नेतो.

पायरी ४: पश्चिमेकडची रेघ जाड करा

चक्र काढताना तुम्ही ते सगळीकडे सारखंच काढलं असेल. प्रत्यक्षात प्रत्येक चक्राची पश्चिमेकडची बाजू, म्हणजे खंडांच्या पूर्व किनाऱ्यालगतची, अरुंद, खोल आणि वेगवान असते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचा गल्फ स्ट्रीम, जपानजवळचा कुरोशियो, आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याचा अगुल्हास हे सगळे याच बाजूचे. पूर्वेकडची बाजू रुंद, उथळ आणि संथ असते.

व्यवहारात हे फार आधी लक्षात आलं होतं. इंग्लंडहून अमेरिकेला जाणारी टपालाची जहाजं व्यापारी जहाजांपेक्षा उशिरा का पोहोचतात, हा प्रश्न बेंजामिन फ्रँकलिनला पडला होता. देवमाशांच्या शिकारीवर जाणारा त्याचा नातलग टिमथी फोल्गर याने उत्तर दिलं, की ती जहाजं समोरून येणाऱ्या प्रवाहाच्या मधोमध जातात. फोल्गरच्या माहितीवरून १७७०च्या सुमारास गल्फ स्ट्रीमचा नकाशा छापला गेला. हा प्रवाह पश्चिमेलाच का दाटतो, हे मात्र १९४८ साली हेन्री स्टॉमेल यांनी दाखवलं. कोरिओलिस परिणाम सगळीकडे सारखा धरला तर गणितातून सममित चक्र मिळतं. तो अक्षवृत्तानुसार बदलतो हे धरलं, की तेच चक्र पश्चिमेच्या भिंतीला जाऊन चिकटतं. गल्फ स्ट्रीमचा वेग काही ठिकाणी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो आणि पाणी फ्लोरिडाजवळ सुमारे ३० स्वेर्ड्रुप असतं. पुढे उत्तर अटलांटिकमध्ये ते कितीतरी पटींनी वाढतं.

पायरी ५: लाल आणि निळा रंग

विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारा प्रवाह लाल, ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे येणारा निळा. एवढं लक्षात ठेवा की 'उष्ण' आणि 'शीत' हे शब्द आजूबाजूच्या पाण्याच्या तुलनेत वापरतात. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ हिवाळ्यात ६-७ अंश सेल्सिअसचं पाणी उष्ण प्रवाहाचं असतं आणि पेरूजवळ १८ अंशांचं पाणी शीत प्रवाहाचं. तापमानाचा आकडा पाहून प्रवाहाचा प्रकार ठरवायला गेलात तर हमखास चुकाल.

पायरी ६: तळाचं पाणी कुठे वर येतं

पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यालगत वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे, किनाऱ्याला समांतर वाहतो. दक्षिण गोलार्ध असल्याने पाणी डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट अशी पोषकद्रव्यं भरपूर असतात, कारण वरून बुडालेले जैविक अवशेष खोलात कुजून तिथेच साठलेले असतात. ती उजेडात आली की सूक्ष्म वनस्पती-प्लवक झपाट्याने वाढतं आणि त्यावर माशांचे प्रचंड थवे पोसले जातात. पेरूचा अँकोव्हीचा मासेमारी व्यवसाय याच पाण्यावर उभा आहे. कॅलिफोर्निया, वायव्य आफ्रिका आणि नामिबियाचा किनारा, या तिन्ही ठिकाणी वाऱ्याचा बाण आणि त्याचा काटकोन काढून पाहा. पाणी किनाऱ्यापासून दूरच जाताना दिसेल.

पायरी ७: खोल समुद्राचा संथ फेरा

आतापर्यंतचे प्रवाह वाऱ्याने चालवलेले, समुद्राच्या वरच्या काहीशे मीटरमधले. त्याखाली दुसरी वाहतूक चालते आणि ती पाण्याच्या वजनावर ठरते. थंड पाणी जड, खारट पाणी जड. थंड आणि खारट दोन्ही असेल तर सर्वांत जड. एक लीटर समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. गोडं पाणी ४ अंशांखाली गेलं की पुन्हा हलकं होऊ लागतं, समुद्राचं पाणी मात्र सुमारे उणे १.८ अंशांना गोठेपर्यंत जडच होत जातं. आणि गोठताना बर्फ बहुतांश क्षार बाहेर टाकतो, त्यामुळे उरलेलं पाणी आणखी खारट होतं.

हे घरी पाहता येतं आणि जरूर पाहावं. खाण्याचा गडद रंग घालून बर्फाचे दोन मोठे खडे तयार करा. काचेच्या एका ग्लासात साधं पाणी घ्या आणि दुसऱ्यात तेवढंच पाणी घेऊन त्यात दोन-तीन चमचे मीठ पूर्ण विरघळवा. दोन्ही पाणी खोलीच्या तापमानाला आलं की एकेक खडा अलगद सोडा आणि ढवळू नका. साध्या पाण्यात वितळलेलं थंड रंगीत पाणी धारेसारखं तळाशी जाताना दिसेल. मिठाच्या पाण्यात ते बुडणार नाही, वरच थर धरून राहील आणि खडाही हळू वितळेल. कारण वितळलेलं पाणी थंड असलं तरी गोडं आहे, म्हणून खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. दुसरा ग्लास नीट लक्षात ठेवा. हवामानाची एक मोठी चिंता त्यात दिसते.

समुद्रात असं बुडणं मोजक्या ठिकाणी घडतं: ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या मधले समुद्र, लॅब्राडोर समुद्र, आणि अंटार्क्टिकाजवळचे वेडेल आणि रॉस समुद्र. उत्तर पॅसिफिकचं पाणी तुलनेने कमी खारट असल्याने तिथे खोलवर बुडत नाही. बुडालेलं पाणी तळाने सगळ्या महासागरांत पसरतं आणि पुन्हा वर यायला त्याला काहीशे ते हजारभर वर्षं लागतात. नकाशावर या चार जागांवर एकेक ठळक ठिपका द्या.

पायरी ८: आता नकाशावरून हवामान वाचा

आधी एक गोष्ट समजून घेऊ. समुद्राच्या वरच्या अवघ्या तीनेक मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते, तेवढी अख्ख्या वातावरणात मावते. म्हणून पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, आणि त्यावरून आलेली हवा किनाऱ्यावर त्याचं तापमान घेऊन येते. यात वाऱ्याची दिशा सर्वांत महत्त्वाची. किनाऱ्याशेजारून उष्ण प्रवाह जात असला, पण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला, तर त्या उबेचा किनाऱ्याला फारसा उपयोग होत नाही.

स्कॉटलंडमधलं ग्लासगो आणि कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरचं नेन ही दोन ठिकाणं ५६ अंश उत्तरेच्या आसपासच आहेत. जानेवारीत ग्लासगोचं सरासरी तापमान शून्याच्या वर असतं, नेनचं उणे १५ अंशांच्याही खाली. रशियाचं मुर्मान्स्क बंदर आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असूनही हिवाळ्यात सहसा गोठत नाही. याचं सगळं श्रेय एकट्या गल्फ स्ट्रीमला देण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. पश्चिम युरोपावर पश्चिमी वारे समुद्रावरून येतात, लॅब्राडोरवर ते गोठलेल्या खंडावरून येतात. फरकाचा मोठा वाटा इथेच आहे. शिवाय समुद्राने उन्हाळ्यात जागच्या जागी साठवलेली उष्णताही हिवाळ्यात कामी येते. प्रवाहाने दक्षिणेकडून आणलेली उष्णता यात भर घालते, आणि नॉर्वेच्या उत्तरेकडे ही भर फार मोठी ठरते.

वाळवंटांचंही असंच आहे. चिलीचं अटाकामा पेरू-चिलीलगतच्या शीत हम्बोल्ट प्रवाहाशेजारी, नामिबियाचं नामिब तिथल्या शीत बेंग्वेला प्रवाहाशेजारी, सहाराचा पश्चिम किनारा कॅनरी प्रवाहाशेजारी. शीत प्रवाहामुळे वाळवंट होतं, असं सरळ सांगून टाकतात. खरा क्रम असा आहे: २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात हवा मुळातच वरून खाली उतरते आणि उतरताना तापून कोरडी होते, त्यामुळे पाऊस आधीच दुर्मीळ असतो. त्यात खालचा समुद्र थंड असला, की त्याला लागून असलेली हवा थंड आणि जड होऊन तळाशीच बसते. वर उबदार हवा, खाली गार हवा, मग ढग उंच वाढणार कसे? त्यामुळे पेरूच्या लिमा शहरावर हिवाळ्यात महिनोन्‌महिने ढगांचं आच्छादन असतं, पण पाऊस जवळजवळ पडतच नाही. नामिबमध्ये धुकं येतं आणि काही भुंगेरे अंगावर जमलेल्या धुक्याच्या थेंबांवर जगतात.

तुमच्या नकाशाची परीक्षा ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर होते. नियमाप्रमाणे तिथे शीत प्रवाह हवा, पण किनाऱ्यालगत दक्षिणेकडे जाणारा ल्यूविन हा उष्ण प्रवाह आहे. इंडोनेशियाच्या बेटांमधून पॅसिफिकचं उबदार पाणी हिंदी महासागरात शिरतं आणि पाण्याच्या पातळीत जो उतार तयार होतो, तो वाऱ्यावर मात करतो. म्हणूनच तिथे पेरूसारखं अपवेलिंग नाही आणि पेरूसारखी मासळीही नाही. निळी रेघ काढली असेल तर खोडून लाल करा.

पायरी ९: हिंदी महासागरासाठी दोन नकाशे

उत्तर हिंदी महासागराला एक नकाशा पुरत नाही. उत्तरेला आशियाची जमीन असल्याने इथले वारे ऋतूनुसार दिशा बदलतात आणि त्यांच्यामागे प्रवाहही. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे असताना सोमाली प्रवाह आफ्रिकेच्या किनाऱ्याने ईशान्येकडे धावतो, त्याचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या आसपास जाऊ शकतो. हिवाळ्यात तोच प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो. एवढा मोठा प्रवाह दरवर्षी उलटा फिरतो असं दुसरं उदाहरण जगात नाही.

जून ते सप्टेंबरच्या नकाशावर एकमनचा काटकोन लावा. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा पाणी उजवीकडे, भर समुद्रात ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. त्यामुळे ऐन मोसमात पश्चिम अरबी समुद्र गार पडतो. बंगालच्या उपसागरात उलट घडतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचं आणि पावसाचं गोडं पाणी वर थर धरून राहतं. घरच्या प्रयोगातला दुसरा ग्लास तो हाच. हा हलका थर खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, पृष्ठभाग २८ अंशांच्या वर राहतो आणि ढग व चक्रीवादळांना ऊर्जा मिळत राहते.

पायरी १०: वारा मंदावला तर?

एरवी व्यापारी वारे पॅसिफिकचं उबदार पाणी इंडोनेशियाकडे रेटून ठेवतात. तिथली पातळी पेरूच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात आणि उबदार पाणी पूर्वेकडे परत पसरतं. हा एल निनो. पायरी ६ मधली साखळी उलटी वाचा: पेरूजवळ अपवेलिंग कमी, मासळी कमी, वाळवंटी किनाऱ्यावर पूर; तिकडे इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियात दुष्काळ. १९८२-८३, १९९७-९८ आणि २०१५-१६ चे एल निनो अतितीव्र होते.

या साखळीचं एक टोक भारतात सापडलं. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदी तपासत होते. त्यातून पॅसिफिकच्या दोन टोकांवरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो, हे त्यांना दिसलं. त्याचा समुद्राच्या तापमानाशी असलेला संबंध १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी उलगडला. एल निनोच्या वर्षी भारतात पाऊस कमी पडण्याकडे कल असतो, पण तो नियम नाही. १९९७ साली एल निनो अतितीव्र असूनही भारतात सरासरीइतका पाऊस झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार आणि इंडोनेशियालगतचा भाग थंड होता. हिंदी महासागर द्विध्रुव या नावाने ही स्थिती आता ओळखली जाते. एखाद्या वर्षीच्या बातमीत फक्त एल निनोचा उल्लेख असेल, तर द्विध्रुवाची स्थिती काय आहे हे वेगळं शोधून पाहा.

पायरी ११: नकाशा ताडून पाहा

आता पुस्तक उघडा. त्याहून चांगलं म्हणजे 'अर्थ नलस्कूल' या संकेतस्थळावर महासागराचे प्रवाह निवडा. तिथे तुमच्या गुळगुळीत रेघा दिसणार नाहीत, सगळीकडे भोवरे दिसतील. त्याने गोंधळून जाऊ नका. गल्फ स्ट्रीम एखाद्या दिवशी नागमोडी वळणं घेतो आणि त्यातून शेकडो किलोमीटर व्यासाचे भोवरे सुटे होतात. नकाशावरचा प्रवाह म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. तीच जागा जानेवारीत आणि जुलैत पाहा, सोमालियापासून सुरुवात करा.

या चित्रांमागची मोजणीही पाहण्यासारखी आहे. १९९२ पासून उपग्रह समुद्राची पातळी अचूक मोजत आहेत. 'आर्गो' नावाची साधारण ४,००० स्वयंचलित तरंगती यंत्रं दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपर्यंत जाऊन तापमान आणि क्षारतेची नोंद पाठवतात. अटलांटिकचा खोल फेरा २००४ पासून २६.५ अंश उत्तरेवर सलग मोजला जातो. तो सरासरी १७ स्वेर्ड्रुपच्या आसपास आहे. माणसाने वाढवलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात मुरली आहे, आणि ग्रीनलंडचं वितळणारं गोडं पाणी नेमकं तुम्ही ठळक ठिपके दिलेल्या उत्तरेकडच्या जागांजवळ मिसळतं आहे. तिथलं पाणी हलकं झालं तर बुडणं मंदावेल. हा फेरा या शतकात दुबळा होईल, असं हवामानाची बहुतेक संगणकी प्रारूपं सांगतात. किती आणि किती लवकर, यावर शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. या विषयावरची कोणतीही बातमी वाचताना आधी एवढं तपासा, की ती गल्फ स्ट्रीमबद्दल बोलते आहे की या खोल फेऱ्याबद्दल. बातम्यांत दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. वारे आणि पृथ्वीचं फिरणं आहे तोवर गल्फ स्ट्रीम वाहणारच. धोका आहे तो पाण्याच्या बुडण्यावर चालणाऱ्या भागाला.